पियानोला मींड कुठून आणायची?

[या भागाची लिखित प्रत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. जिथे काही वाजवून दाखवलं, तिथे कंसात तसं लिहिलं आहे.]

शेलूबाजारहून बोलतोय, मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. आपल्याकडे तो तानपुऱ्यासारखा कायम चालूच असतो.

आज ऐकता ऐकता एक काम करा. मोबाईलवर पियानोचं कुठलंही फुकटचं अ‍ॅप उघडा. एक कळ दाबा आणि दाबूनच ठेवा.

(पियानोचा एक स्वर वाजतो आणि हळूहळू विरतो.)

ऐकलं? टण् झालं आणि आवाज ओसरायला लागला. बोट अजून कळीवर आहे, पण त्या बोटाच्या हातात आता काही राहिलेलं नाही. खऱ्या पियानोत काय होतं, तर कळ दाबली की आत नमद्याने मढवलेली एक हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. तारेला लागण्याच्या किंचित आधीच ती कळीपासून सुटलेली असते. म्हणजे गोफणीतून दगड सुटावा तसं. त्यानंतर तुम्ही बोट हलवा, घासा, थरथरवा, स्वराला पत्ता नाही. स्वर फुगवता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेता येत नाही. करता येतं ते एकच, बोट उचलून त्याला थांबवायचं.

आपली पेटी निदान भाता चालू आहे तोवर बोलते. भाता जोरात मारला की आवाज वाढतो, हलका मारला की खाली येतो. पियानोला तेवढंही नाही. आणि मींड तर दोघांनाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, "भाऊ, हे आम्हाले काहून सांगून राहिला? मंगरूळपीर तालुक्यात पियानो कोणाच्या घरी हाय?" बरोबर आहे. तारांचा, लाकडाचा, दोनशे-सव्वादोनशे तारा ताणलेला पियानो मीही आपल्या तालुक्यात पाहिलेला नाही. पण किबोर्ड? किबोर्ड प्रत्येक दुसऱ्या गावात आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आहे, शाळेच्या गॅदरिंगमध्ये आहे, खंजिरी भजनाच्या मंडळातसुद्धा पेटीच्या शेजारी आता एखादं पोरगं किबोर्ड घेऊन बसलेलं दिसतं. आणि त्या पोराला आयुष्यात कधी ना कधी कोणी तरी मोठं माणूस सांगतंच की, "याच्यावर शास्त्रीय होत नसते बाबू." मग तो काय करतो? पेनड्राईव्ह लावतो, ट्रॅक सोडतो आणि वाजवल्यासारखं करतो. हात हलतात, आवाज मशीनचा. माझं आजचं सगळं बोलणं त्या पोरासाठी आहे.

कारण "याच्यावर होत नाही" हे वाक्य फार जुनं आहे. आपल्या पेटीलाच ते ऐकावं लागलं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. आरोप काय? तर ही परदेशातून आलेली पेटी, हिचे स्वर ठोकळ्यासारखे सुटे, हिला श्रुती नाही, मींड नाही, ही गायकाचा गळा बिघडवेल. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. तीस वर्षं! आणि गंमत पाहा, त्याच काळात आणि त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी संगीत नाटक पेटी आणि पायपेटीच्या जोरावर उभं होतं. १९११ सालच्या 'मानापमान'च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचेच मोठे वादक. गळ्यातली मींड पेटीवर जशीच्या तशी येत नाही हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण दोन स्वरांच्या मधली जागा भासवायची कशी, कणस्वर किती हलका लावायचा, भाता कुठे दाबायचा, हे त्या लोकांनी कानाने शोधून काढलं. पुढे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी तर बावीस श्रुतींची पेटीच बनवून दाखवली. म्हणजे 'नाही'वर दोन उत्तरं झाली. एक हाताचं, एक यंत्राचं. ही दोन्ही डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

आता पियानोच्या जवळचं आपलं वाद्य कोणतं? पेटी नाही. कळा सारख्या दिसतात एवढंच, पण पेटीत हवा आणि पत्ती असते. पियानोचा खरा भाऊबंद म्हणजे संतूर. तारा ताणलेल्या आणि त्यांच्यावर काठीने मारायचं. पियानोत तीच काठी कळीच्या आत लपलेली असते. आणि संतूरलाही हेच ऐकावं लागलं होतं. पं. शिवकुमार शर्मांनी १९५५ साली मुंबईत संतूर वाजवलं, तेव्हा जाणकारांची शंका अगदी हीच होती की, ज्याच्यावर स्वर टिकत नाही, मींड येत नाही, त्याच्यावर आलाप कसा करणार? शिवजींनी काय केलं, तर काठी तारेवर नुसती आपटायची नाही, तर ती तारेवर अलगद घरंगळू द्यायची. बारीक बारीक टिपऱ्यांची एक सलग रेघ होते. (संतूरचा छोटा तुकडा.) हे ऐका. ही मींड नाहीच, पण कान तिला मींड समजायला तयार होतो.

आणि आता इथे आपला मराठी माणूस येतो. अभिजित पोहनकर. किराणा घराण्याचे गायक पं. अजय पोहनकर यांचे चिरंजीव. घरात गाणं, आजी सुशीलाबाई पोहनकर स्वतः मोठ्या गायिका. अशा घरातला मुलगा शास्त्रीय संगीतासाठी वाद्य निवडतो ते चक्क इलेक्ट्रॉनिक किबोर्ड! आणि शिकायला जातो कोणाकडे? पं. शिवकुमार शर्मांकडे. मला ही निवड फार हुशारीची वाटते. किबोर्ड शिकवणाऱ्याकडे गेले नाहीत. ज्या माणसाने तुटक वाजणाऱ्या वाद्यातून सलग आलाप काढला, त्याच्याकडे गेले.

किबोर्डवर त्यांच्या डाव्या हाताकडे लक्ष द्या. किबोर्डच्या डाव्या कडेला एक छोटं चाक असतं, काहींवर दांडी असते. पिच बेंड म्हणतात त्याला. उजव्या हाताने स्वर दाबायचा आणि डाव्या हाताने ते चाक फिरवून स्वर वर-खाली ओढायचा. आपल्या ऑर्केस्ट्रातली पोरं ते चाक फक्त नागिन वाजवताना वापरतात. पण तेच चाक सावकाश, मोजून फिरवलं तर कोमल रिषभावरून षड्जावर येणारी मींड तिथे आहे. बहुतेक किबोर्डवर ते चाक कारखान्यातून दोन कळांच्या अंतरावर लावलेलं येतं, म्हणजे 'सा'वरून 'रे'पर्यंतच ओढता येतं. सेटिंगमध्ये जाऊन ते वाढवता येतं. कितीतरी जणांकडे वर्षानुवर्षं किबोर्ड आहे आणि ते सेटिंग कधी उघडलेलंच नाही. वाढवताना एक ध्यानात ठेवा, अंतर जितकं मोठं तितकी हाताची चूक मोठी. चाकावर पडदे नसतात. कुठे थांबायचं ते फक्त कानाला माहीत असतं, म्हणजे शेवटी पुन्हा गळ्यावर, रियाजावर येतो आपण.

आणि त्या चाकाची एक मर्यादाही आहे. तुम्ही तीन कळा एकत्र दाबून चाक फिरवलं तर तिन्ही स्वर एकदम घसरतात. १९८३ साली मिडी नावाची जी पद्धत ठरली, तिच्यात चाकाची आज्ञा एका चॅनलमधल्या सगळ्या स्वरांना सारखीच लागते. प्रत्येक बोटाला स्वतःची मींड मिळायला २०१८ साल लागलं, तेव्हा एमपीई नावाची नवी पद्धत अधिकृत झाली. ए. आर. रहमान कंटिन्युअम नावाचं एक वाद्य वाजवतात, त्याच्यावर कळाच नाहीत, सलग मऊ पट्टी आहे, बोट सरकलं की स्वर सरकतो. पण त्याची किंमत सोयाबीनच्या भावात मोजू नका, वाईट वाटेल.

अजय पोहनकरांचं गाणं आणि अभिजितचा किबोर्ड, इलेक्ट्रॉनिक साज असा 'पिया बावरी' नावाचा अल्बम आला होता, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. आज तो ऐकताना त्यातला बीट थोडा जुना वाटेल. असू द्या. तुम्ही वडिलांचा आवाज आणि मुलाचा किबोर्ड एकमेकांना कसं उत्तर देतात, तेवढंच ऐका.

इथपर्यंत किबोर्ड झाला. पण आजचे काही पियानिस्ट याच्या पुढे गेलेत. ते खरा, लाकडी पियानोच वाजवतात आणि त्याचा आवाज त्याच क्षणी कॉम्प्युटरमधून फिरवून पुन्हा बाहेर काढतात. याला लाइव्ह प्रोसेसिंग म्हणतात. ट्रॅक आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रॅक तुम्ही वाजवा, वाजवू नका, चालतोच. प्रोसेसिंगमध्ये तुम्ही थांबलात की मशीनकडे करायला काही उरत नाही. एको आहे तो विरून जातो आणि शांतता.

याची एक जुनी आणि जबरदस्त गोष्ट सांगतो. १९७० साल. जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन. रचनेचं नाव, ऐका, 'मंत्रा'. दोन पियानो, दोन वादक, आणि दोघांच्या शेजारी एकेक रिंग मॉड्युलेटर नावाचं यंत्र. तासाभराहून थोडी मोठी रचना आहे. हे यंत्र करतं काय, तर पियानोचा स्वर घेतं, यंत्राचा स्वतःचा एक स्वर घेतं आणि दोघांची बेरीज आणि वजाबाकी बाहेर काढतं. गणित सोपं आहे. पियानोचा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा, यंत्राचा १०० चा. बाहेर येणार ५४० आणि ३४०. या दोघांचं मूळ स्वराशी सरळ नातं नाही, म्हणून तो आवाज घंटेसारखा, फुटक्या भांड्यासारखा लागतो.

पण समजा पियानोचा स्वरही २२० आणि यंत्राचाही २२०. बेरीज ४४०, म्हणजे बरोब्बर वरच्या सप्तकातला तोच स्वर. वजाबाकी शून्य. आवाज स्वच्छ! म्हणजे त्या यंत्राला एक 'सा' आहे. त्या 'सा'वर आलं की सगळं जुळतं, त्याच्यापासून जितकं दूर जाल तितका खडबडीतपणा येतो. स्टॉकहाउझेनने रचनाच त्याच्यावर बांधली आहे. यंत्राचा हा मधला स्वर भागागणिक बदलत जातो, आणि तुम्ही कान लावून बसलात तर घरी परत आल्याचा क्षण कळतो. पहिल्यांदा ऐकाल तर म्हणाल हे काय ठोकाठोकी आहे. माझंही मत असं की एका बैठकीत पूर्ण ऐकायची ही चीज नाही. दहा मिनिटं ऐका, पण 'सा' शोधत ऐका.

त्यानंतर कॉम्प्युटर आला. १९८८ साली पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत फिलिप मानुरी यांची 'प्लूटॉन' नावाची पियानोची रचना झाली, आणि तिच्यासाठी मिलर पकेट यांनी एक प्रोग्राम लिहिला. पियानोवादक काय वाजवतो ते प्रोग्राम ओळखतो आणि त्याप्रमाणे आवाज बदलतो. तो प्रोग्राम पुढे मॅक्स नावाने जगभर गेला. तो विकत घ्यावा लागतो. पण त्याच पकेट यांनी नंतर प्युअर डेटा नावाचा तसाच प्रोग्राम लिहिला आणि तो फुकट आहे. फुकट म्हणजे कायदेशीर फुकट, क्रॅक केलेला नाही. घरात जुना लॅपटॉप पडला असेल तर त्याच्यावर चालतो.

आता आजचा माणूस. डॅन टेफर. पॅरिसमध्ये अमेरिकन आई-वडिलांच्या घरी जन्मलेला, जॅझ पियानिस्ट, आणि शिक्षण खगोलभौतिकीचं. तो यामाहाचा डिस्क्लाव्हिअर वापरतो. हा खराच पियानो आहे, तारा-हातोड्यांचा, पण कोणती कळ किती जोरात दाबली हे तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटरने सांगितलं की स्वतःच्या कळा स्वतः दाबतो. भूत बसल्यासारखा. टेफरने २०१९ मध्ये 'नॅचरल मशीन्स' नावाचा अल्बम केला. त्यात तो आधी एक नियम लिहितो. म्हणजे समजा, "मी जे वाजवेन ते आरशात उलटं करून लगेच वाजव." मग तो बसतो आणि ऐनवेळी सुचेल ते वाजवतो. नियम पक्का, संगीत मात्र तिथल्या तिथे जन्मणारं. मला हे ऐकताना राग आठवतो. आरोह-अवरोह ठरलेला, वादी-संवादी ठरलेला, आणि तरी आज काय होईल ते गाणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तो आरशाचा नियम आपण आपल्या घरी लावून पाहू. ही मला या सगळ्यात सर्वात आवडलेली गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

'सा'च्या जागी आरसा ठेवा. जो स्वर 'सा'च्या जितक्या कळा वर, तितक्याच कळा खाली त्याचं प्रतिबिंब. काळ्या-पांढऱ्या सगळ्या कळा मोजायच्या. शुद्ध रे दोन कळा वर, तर दोन कळा खाली येतो कोमल नी. शुद्ध ग चार वर, चार खाली कोमल ध. पंचम सात वर, सात खाली मध्यम. शुद्ध ध नऊ वर, नऊ खाली कोमल ग. आता मला सांगा, सा रे ग प ध म्हणजे कोण? भूप. आणि सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी म्हणजे?

(भूपाचे स्वर चढत, त्याच वेळी प्रतिबिंब उतरत.)

मालकंस! संध्याकाळचा भूप आरशात पाहिला की मध्यरात्रीचा मालकंस दिसतो. अर्थात स्वर दिसतात, राग नाही. मालकंसाचं चलन, त्याचा मध्यमावरचा मुक्काम आरसा देणार नाही, तो तुम्हालाच करावा लागेल. पण हे हाताने करून बघता येतं. पांढरी दोनला सा धरा. त्या कळीच्या दोन्ही बाजूंना काळ्या-पांढऱ्यांची रचना हुबेहूब सारखी आहे, त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा जिथे उजवीकडे जाईल तिथेच डाव्याचा अंगठा डावीकडे जातो. दोन्ही हातांची तीच तीच बोटं. कॉम्प्युटरचीही गरज नाही. टेफरचा कॉम्प्युटर एवढंच करतो की हे न चुकता, कितीही जलद करतो.

लूपचंही तसंच. पाश्चात्त्य व्हिडिओंमध्ये पोरं लूपर दाखवतात. चार सेकंद वाजवलं, ते फिरत राहिलं, त्याच्यावर दुसरं वाजवलं. बाप रे, काय टेक्नॉलॉजी! राजेहो, तबल्याच्या सोलोला पेटीवाला काय देतो? लेहरा. सोळा मात्रांचं एक आवर्तन, तेच तेच, तासभर. लूपच आहे तो. पण फरक ऐका. तबलजी लय वाढवत नेतो, पेटीवाला कानाने त्याच्या मागे जातो. तिहाई समेवर येताना तो किंचित दम धरतो. लूपर हे करत नाही, त्याने चार सेकंद म्हटलं की चार सेकंद. म्हणून आमच्याकडे भजनात लूपर लावून पाहिला तेव्हा खंजिरी पुढे आणि लूप मागे, अशी फरफट झाली. मशीन बाद करायचं का? नाही. लय जिथे वाढणार नाही अशा जागी ते वापरायचं. नुसता षड्ज-पंचम धरून ठेवायला, आलापाच्या मागे स्वरांचा धूर पसरायला. लेहरा माणसाकडेच राहू द्या. पेटीमास्तरांचं काम जाण्याची भीती जिथे आहे, तिथे ही वाटणी आधी त्यांच्याशी बोलून करा.

जर्मनीचा निल्स फ्राम ऐका. त्याने २०११ च्या 'फेल्ट' अल्बममध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हातोड्या आणि तारांच्या मध्ये जाड नमदा घातला आणि माइक अगदी आत नेला. कळांची लाकडी खडखड, श्वास, सगळं ऐकू येतं. स्टेजवर तो पियानो, जुने सिंथेसायझर आणि एको यांच्यामध्ये धावत असतो. त्याच्याकडून मी घेतो ते एवढंच की प्रोसेसिंगची सुरुवात वायरच्याही आधी, नमद्याच्या तुकड्याने होऊ शकते.

आणि आता मूळ प्रश्न. खऱ्या पियानोला, स्पीकर न लावता, मींड येईल का? आली आहे, थोडीशी. अँड्र्यू मॅक्फर्सन नावाच्या संशोधकाने मॅग्नेटिक रेझोनेटर पियानो केला. तारांच्या वर विद्युतचुंबक टांगले. हातोडी मारायचीच नाही, चुंबक तारेला हलवत ठेवतो. स्वर शून्यातून उगवतो, फुगतो, हवा तितका वेळ टिकतो. कळ कशी दाबली, किती अर्धी सोडली हे सेन्सर पाहतात आणि त्याप्रमाणे स्वर किंचित वाकतोही. झीनिया पेस्तोवा बेनेट या पियानिस्टचा २०२० चा 'अ‍ॅटॉमिक लेगसीज' अल्बम या पियानोवर आहे. डोळे मिटून ऐकाल तर पियानो म्हणणार नाही तुम्ही, काचेच्या भांड्याच्या काठावरून ओलं बोट फिरवल्यासारखं वाटेल. म्हणजे सुरुवातीला जे बोट कळीवर रिकामं बसलं होतं, त्याला पुन्हा काम मिळालं.

जाता जाता फोनवाल्यांसाठी महत्त्वाचं. फोनवर किबोर्ड किंवा इफेक्टचं अ‍ॅप वाजवून बघणार असाल तर ब्लूटूथचे इअरबड आधी काढा. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. यंत्रामुळे दहा मिलिसेकंद उशीर झाला तर तबलजी साडेतीन मीटरवर बसल्यासारखं आहे, चालून जातं. ब्लूटूथमध्ये सहज दीडशे मिलिसेकंद जातात. म्हणजे तबलजी पन्नास मीटर लांब, रस्त्याच्या पलीकडे. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्राच अडीचशे मिलिसेकंदांची असते, तुमची अर्ध्याहून जास्त मात्रा कानापर्यंत यायच्या आधीच गेली. आणि मग आपल्याला वाटतं आपल्याला ताल नाही. ताल आहे, वायर नाही. मोबाईलच्या दुकानात वायरचा साधा इअरफोन अजून मिळतो, फोनला गोल भोक नसेल तर सी-टाइपचा मागा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बफर नावाचा आकडा असेल तर तो आवाज तडतडायला लागेपर्यंत कमी करत जा, आणि तडतडला की एक पायरी वर या.

झालं की पांढरी दोनवर भूप सुरू करा, दोन्ही हातांनी. आधी विलंबित.